वहिवाटदाराचा धर्म

उल्हासनगरच्या कॅम्पांत जुन्या बरॅकींच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारती असोत, अंबरनाथच्या कारखान्यांभोवती वसलेली बिऱ्हाडे असोत, की बदलापूरला उल्हास नदीच्या काठापर्यंत पसरत गेलेली नवी गृहसंकुले असोत, या घरांच्या दिवाणखान्यात काचेच्या दारांचे एक कपाट बहुधा असतेच, आणि त्या शोकेसमध्ये मुलांची बक्षिसे, तीर्थक्षेत्रांहून आणलेल्या तसबिरी आणि चिनी मातीच्या बाहुल्या एकमेकींच्या शेजारी नांदत असतात. क्वचित एखाद्या घरी मात्र या कपाटाचा वरचा एक खण निराळा राखलेला आढळतो; त्याला कुलूप असते, आत लहानसा दिवा बसवलेला असतो, आणि त्या उजेडात फ्रान्समधल्या बाकारा, लालिक किंवा दोम यांच्या भट्ट्यांतून पन्नास-पाऊणशे वर्षांपूर्वी निघालेले हंस, मासे, चिमण्या, नर्तकी, आणि त्याच कारखान्यांनी अलीकडे भारतीय गिऱ्हाइकासाठी घडवलेला एखादा गणपती, असा छोटासा परिवार उभा असतो.

उल्हासनगरातल्या अशाच एका खणापुढे उभा असताना त्या संग्रहाच्या वयोवृद्ध सिंधी धन्यांनी मला विचारले होते, "साहेब, देव्हाऱ्यातल्या गणपतीला मी रोज फूल वाहतो, ह्याला वाहत नाही. माझ्या हातून काही अधर्म तर होत नाही ना?" प्रश्न अगदी सरळ मनाने विचारलेला होता आणि त्याचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. पुढे विचार करता करता ध्यानात आले की या एका प्रश्नाच्या पोटात दोन प्रश्न आहेत. सुंदर म्हणून विकत घेतलेली देवाची आकृती देव केव्हा होते, हा पहिला. आणि कोणतीही सुंदर वस्तू, मग ती देवाची असो वा चिमणीची, जीव लावून जवळ ठेवणे हे अपरिग्रहाचा उपदेश करणाऱ्या आपल्या धर्मांना मान्य आहे काय, हा दुसरा. दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे, आणि पहिल्याचे उत्तरही अखेर त्याच्याच उत्तरावर अवलंबून राहते, असे मला वाटते.

आधी वस्तू पाहू. बाकारा हे लोरेन प्रांतातले गाव. तेथे १७६४ साली पंधराव्या लुईच्या परवान्याने मेत्सच्या बिशपांनी काचेचा कारखाना काढला; परिसरातल्या लाकूडतोड्यांच्या हातांना काम मिळावे हा त्यामागचा एक हेतू होता. स्फटिककाचेची भट्टी तेथे १८१६ पासून पेटली. लालिकचा मूळ पुरुष रने लालिक (१८६०–१९४५) हा आधी जवाहिऱ्या. त्याने काचेकडे वळून १९२१ साली अल्सास प्रांतात विंगेन येथे कारखाना उभारला, आणि त्याच्या पश्चात मुलाने साध्या काचेऐवजी शिशाची स्फटिककाच वापरण्यास आरंभ केला. म्हणूनच जाणता संग्राहक मूर्ती उलटी करून आधी तळ पाहतो: नावामागे 'आर' हे आद्याक्षर असेल तर काम बहुधा बापाच्या हयातीतले, नसेल तर नंतरचे. बाकाराच्या मालावर आम्लाने कोरलेला शिक्का नियमाने येऊ लागला तो १९३६ पासून. त्याआधीच्या जिनसांवर कागदी चिठ्ठी असे आणि ती पहिल्या दोन-चार धुण्यांतच निघून जाई. मुंबईच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटवरच्या दुकानांत, बोटाच्या टोकाने कडा चाचपीत, नखाने हलकेच वाजवून नाद ऐकत, तासन्‌तास उभी असलेली माणसे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे लक्ष देणे किती एकाग्र असते हे सांगावयास नको.

या काचेच्या घटनेत एक गोष्ट अशी आहे की जी आपल्याकडच्या भाविकाने अवश्य जाणून घ्यावी. वाळू, पोटॅश आणि शिसे यांच्या मिश्रणातून ही काच होते. युरोपातल्या कायद्याप्रमाणे शिशाच्या भस्माचे प्रमाण शेकडा २४ असल्यावाचून तिला शिशाची स्फटिककाच म्हणता येत नाही, आणि शेकडा ३० पर्यंत गेले म्हणजे ती उच्च प्रतीची ठरते. हे शिसे भट्टीत परंपरेने ज्या लाल भुकटीच्या रूपाने पडत आले, ती लाल भुकटी म्हणजे शेंदूर. आपल्या गावाच्या वेशीवर तेलात कालवून ज्याची पुटावर पुटे मारुतीच्या आणि गणपतीच्या पाषाणावर चढतात, आणि ज्याच्या थराखाली अखेर मूळ दगड दिसेनासा होतो, तोच शेंदूर लोरेनच्या भट्टीत पडला म्हणजे आपली लाली सर्वस्वी टाकून असा निर्मळ होतो की त्याच्या आरपार दिवा दिसावा. एकाच द्रव्याने एके ठिकाणी देवाला झाकावे आणि दुसरे ठिकाणी त्याला पारदर्शक करावे, ही गोष्ट मला फार विचार करण्यासारखी वाटते.

आता शास्त्राकडे वळू. भागवताच्या अकराव्या स्कंधात उद्धव श्रीकृष्णाला पूजाविधी विचारतो, आणि भगवान त्याला प्रतिमेचे आठ प्रकार सांगतात: शिळेची, लाकडाची, धातूची, माती-चंदनाच्या लेपाची, रेखाटलेली, वाळूची, मनाची आणि रत्नाची. याच स्कंधावर आमच्या एकनाथांनी काशीत बसून शके १४९५ मध्ये आपला विशाल ग्रंथ पूर्ण केला, त्यामुळे हा विषय मराठी माणसाला परका नाही. या यादीत काच नाही. रत्न आहे, आणि काच म्हणजे रत्न नव्हे. खऱ्या स्फटिकात कणांची रचना नियमबद्ध असते, काचेत ती विस्कळीत असते. शिशाने तिला तेज आणि नाद मिळतो, जात मिळत नाही. मग काचेचा गणपती अपात्र ठरला काय? मला तसे वाटत नाही, कारण त्याच यादीत वाळू आहे. जेथे नदीकाठची मूठभर वाळू प्रतिमा होऊ शकते तेथे द्रव्याची प्रतवारी लावण्याचा शास्त्राचा हेतूच दिसत नाही. शिवाय त्या आठांतली एक प्रतिमा निव्वळ मनाची आहे. ती कोणत्याही कपाटात राहत नाही, तिला चोर नाही आणि तिला तडा जात नाही, तरीही ती पाषाणाच्या पंक्तीला बसवलेली आहे.

मूर्ती देव होते ती आवाहनाने आणि तिचे देवपण निवृत्त होते ते उद्वासनाने. पुढच्याच श्लोकांत प्रतिमांचे चल आणि अचल असे भाग केले आहेत आणि कोणत्या मूर्तीला आवाहन-उद्वासन करावे, कोणत्या मूर्तीला करू नये, याची व्यवस्था लावली आहे. लेपाच्या आणि चित्राच्या मूर्तीला पाण्याचे स्नान न घालता नुसते पुसून घ्यावे, असा बारकावाही तेथे आहे. भाद्रपदात पेणच्या मातीचा गणपती आपण घरी आणतो, प्राणप्रतिष्ठा करतो, दीड दिवसाने वा दहा दिवसांनी अक्षता टाकून त्याला निरोप देतो, आणि मग त्या मूर्तीचा मोह न धरता ती पाण्यात सोडतो. म्हणजे आपल्या धर्मात मूर्तीवर प्रेम करण्याइतकीच मूर्ती सोडण्याचीही रीत घालून दिलेली आहे. शोकेसमधल्या गणपतीला आवाहन झालेले नाही, म्हणून त्याला फूल न वाहण्यात अधर्म नाही, असे मी त्या सद्गृहस्थांना आज सांगेन. आवाहन करावयाचेच असेल तर त्याला खणातून काढून देव्हाऱ्यात आणावे आणि मग रोजच्या सेवेची जोखीम पत्करावी. एका मूर्तीने दिवाणखान्याची शोभाही व्हावे आणि देवही व्हावे, हे मात्र बरे नव्हे. कारण ज्याची शोभा म्हणून किंमत सांगितली जाते त्याच्यापुढे मागणे मागताना मन दुभंगते.

हा भेद आपल्या न्यायालयांनीही ओळखला आहे. कलकत्त्याच्या मल्लिक घराण्यात कुलदेवतेची मूर्ती पाळीच्या काळात आपापल्या घरी नेण्यावरून भाऊबंदांत तंटा लागला आणि तो थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १९२५ साली त्या न्यायपीठाने निर्णय दिला की प्रतिष्ठित मूर्ती ही जंगम मालमत्तेतली एक चीज नव्हे. तिला स्वतःचे हित आहे, ती कोठे राहावी यासंबंधी तिची इच्छा तिच्या वतीने विचारात घेतली पाहिजे, आणि ज्यांच्या घरी ती आहे ते तिचे मालक नसून सेवक आहेत. आपल्याकडे देवस्थानची इनामजमीन देवाच्या नावे असते आणि तिचा कारभार पाहणारा वहिवाटदार असतो; त्याला उत्पन्नाचा हिशेब ठेवावा लागतो, देवाची दिवाबत्ती चालवावी लागते आणि जमीन विकण्याचा अधिकार त्याला नसतो. मूर्तीच्या संबंधाने कायद्याने जे म्हटले तेच, माझ्या मते, प्रत्येक सुंदर वस्तूच्या संबंधाने धर्माने म्हणावे. तिची प्राणप्रतिष्ठा झालेली असो वा नसो, तिच्यापाशी माणसाने मालक म्हणून न राहता वहिवाटदार म्हणून राहावे.

पण येथे अपरिग्रहवादी थांबवील आणि विचारील की वहिवाटदार म्हणून तरी ही वस्तू हवीच कशाला? त्याचा आक्षेप हलका नाही. तुकोबांनी सावकारीची कर्जखते वाटून घेतली, भावाचा हिस्सा भावाला दिला आणि स्वतःच्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडविली, ही कथा ज्या समाजात घरोघर सांगितली जाते त्या समाजात एका काचेच्या हंसासाठी महिन्याचा पगार मोजणाऱ्याला उत्तर द्यावेच लागेल. ज्याच्या घरी आजाऱ्याचे औषध अडले आहे, किंवा ज्याने कर्ज काढून हंस आणला आहे, त्याच्या बाजूने मला काहीही बोलावयाचे नाही. त्याचे वर्तन चूक आहे. याच महाराष्ट्रात अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाने लोकांकडून पैसा पैसा गोळा करून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना काढला होता, आणि पुढे कऱ्हाडजवळ ओगल्यांनी काढलेल्या कारखान्याचा प्रभाकर कंदील खेड्यापाड्यांतल्या अंधारात पोहोचला होता. काच लोकांच्या उपयोगी कशी पडते ते या मातीने पाहिलेले आहे, आणि हंस हा कंदील नव्हे, हे संग्राहकाने प्रांजळपणे कबूल केले पाहिजे.

तरीही तुकोबांच्या कथेतली खते आणि खणातला हंस यांत एक फरक आहे. खतांत दुसऱ्याचे देणे बांधलेले होते, दुष्काळाने गांजलेल्या माणसाची मान त्या कागदात अडकलेली होती. ती खते जवळ ठेवणे म्हणजे दुसऱ्यावर ताबा ठेवणे. हंसाने कोणाला बांधलेले नाही. बांधला जाण्याचा धोका आहे तो एकट्या त्याच्या धन्याला. जैन आचार्य उमास्वाती यांनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची जी व्याख्या केली ती या ठिकाणी अत्यंत उपयोगी आहे, कारण त्यांनी वस्तूंची संख्या मोजली नाही, त्यांची किंमत काढली नाही. वस्तूपाशी चित्ताला येणारी मूर्च्छा हाच परिग्रह, असे ते म्हणतात. या दृष्टीने लंगोटीवर जीव जडलेला गोसावी परिग्रही ठरू शकतो, आणि भरलेल्या घरात जागा असलेला गृहस्थ अपरिग्रही राहू शकतो. जागे राहणे मात्र बोलण्याइतके सोपे नाही.

ही मूर्च्छा कशी येते हे समजण्यासाठी आपल्या दर्शनकारांनी जो दृष्टांत वारंवार दिला तो नेमका स्फटिकाचाच आहे. निर्मळ स्फटिकाशेजारी तांबडे जास्वंदीचे फूल ठेवले की स्फटिक तांबडा दिसतो. फूल उचलले की पूर्ववत होतो. सांख्यांनी आणि अद्वैती आचार्यांनी या दृष्टांताने सांगितले की पुरुष किंवा आत्मा स्वतः रंगहीन असून शेजारच्या उपाधीमुळे सुखी, दुःखी, धनवान, दरिद्री भासतो. पतंजलींनी तोच मणी समाधीच्या वर्णनात आणला आणि उलट्या बाजूने वापरला: वृत्ती क्षीण झालेले चित्त उत्तम जातीच्या मण्यासारखे होते, म्हणजे ज्याच्यापाशी ते टेकेल त्याचे रूप ते पूर्णपणे आणि प्रामाणिकपणे घेते. एका परंपरेत रंग घेणे हा भ्रम आहे, तर दुसरीत ती सिद्धी आहे. संग्राहकाच्या जीवनात या दोन्ही अवस्था येतात, असे माझे निरीक्षण आहे. नवी मूर्ती हाती लागली की पहिले काही दिवस तो तिच्यात इतका तन्मय होतो, शिल्पकाराने पंखाची कड कोठे गुळगुळीत सोडली आणि कोठे आम्लाने धूसर केली हे इतक्या निःस्वार्थ कौतुकाने पाहतो, की त्या वेळी त्याला 'माझे' हा शब्द आठवतही नाही. ती अवस्था पतंजलींच्या मण्याच्या जवळची आहे. मग एके दिवशी कोणी पाहुणा येतो, किंमत विचारतो, दुसऱ्या कोणाकडे यापेक्षा दुर्मीळ नग असल्याचे सांगतो, आणि त्या क्षणापासून हंसाकडे पाहताना हंस न दिसता स्वतःचे स्थान दिसू लागते. जास्वंद शेजारी येऊन बसली ती तेव्हा. हंस तोच, खण तोच, आणि तरीही काल जे ध्यान होते ते आज परिग्रह झालेले असते. म्हणूनच संग्रह वाईट की चांगला असा सरसकट निवाडा करता येत नाही. पाहणाऱ्याला रोज स्वतःची झाडाझडती घ्यावी लागते.

या विचाराला उल्हासनगरात एक आणखी अंग आहे, आणि ते सांगितल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. १९४७ च्या फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना उतरविण्यात आले. त्या कॅम्पाला ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगर हे नाव मिळाले. घराचे पत्ते अद्यापि बरॅकीच्या नंबरावरून सांगणाऱ्या या नगरीतील वृद्धांनी, वस्तू म्हणजे काय असते आणि ती हातची जाणे म्हणजे काय असते, हे आपल्यापेक्षा अधिक जाणलेले आहे. सिंधच्या हैदराबादचे व्यापारी, ज्यांना सिंधवर्की म्हणत, एकोणिसाव्या शतकापासूनच रेशीम आणि शोभेच्या जिनसा घेऊन भूमध्यसागरापासून जपानपर्यंत पेढ्या घालून बसले होते. देशोदेशीच्या कारागिरीची पारख त्या समाजाच्या अंगी पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली होती. आणि मग एका वर्षात सारे घर मागे राहिले. १९५० च्या कायद्याने निर्वासितांचे जे दावे नोंदवून घेतले ते स्थावर मिळकतीचे: घर, हवेली, जमीन. आजीची पानदानी, दिवाणखान्यातला आरसा, कपाटातली काचेची परी यांसाठी कोणत्याही दप्तरात रकाना नव्हता. सरकारचा त्यात दोष काढता येणार नाही. लक्षावधी घरांतल्या कोट्यवधी जंगम वस्तूंचा पुरावा कोण देणार आणि कोण तपासणार?

ज्यांनी हे भोगले त्यांना वस्तूंच्या नश्वरतेचे प्रवचन ऐकवणे मला असभ्यपणाचे वाटते. त्यांनी नश्वरता पाहून घेतली आहे. रिकाम्या बरॅकीत संसार पुन्हा उभा केल्यावर, मुले मार्गी लागल्यावर, उतारवयात त्यांच्यापैकी एखाद्याने एक नाजूक, निरुपयोगी, फुटण्याजोगी वस्तू विकत घेऊन दिव्याखाली ठेवली, तर त्या कृतीत मला हाव दिसत नाही. जग पुन्हा एकदा इतके स्थिर झाले आहे की त्यात काच ठेवता येते, अशी ती श्रद्धा आहे. तिला मी आस्तिक्य म्हणेन. निर्वासित असूनही पुन्हा जीव लावणे हे, कधीच काही न गमावलेल्या माणसाच्या विरक्तीपेक्षा, अधिक मोलाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता एका राजसंग्रहाची कथा. इंदूरचे यशवंतराव होळकर दुसरे (१९०८–१९६१) यांनी तरुणपणी एकार्ट मुथेसिउस या जर्मन वास्तुरचनाकाराकडून माणिकबाग राजवाडा बांधून घेतला आणि तो पॅरिस व बर्लिनच्या तत्कालीन श्रेष्ठ कारागिरांच्या कामाने सजविला. पॅरिसमध्ये राहणारा रुमानियन शिल्पकार ब्रांकुशी याच्याकडून त्यांनी तीन पक्षी घेतले, एक पितळी झळाळीचा, एक काळ्या संगमरवराचा, एक पांढऱ्या. पंख, चोच, डोळे सारे गाळून केवळ आकाशाकडे झेप एवढेच ज्यात उरले आहे असे. या पक्ष्यांसाठी इंदूरला एक ध्यानमंदिर बांधावयाचे होते. त्या योजनेची जी वर्णने उपलब्ध आहेत त्यांवरून कळते ते असे, की आत जाण्याचा मार्ग जमिनीखालून असावा, मध्ये पाण्याचे कुंड असावे, प्रकाश वरून यावा. ब्रांकुशी १९३७-३८ च्या हिवाळ्यात इंदूरला येऊनही गेला. मंदिर झाले नाही. पुढे संस्थान विलीन झाले, राजवाड्यातला बराचसा संग्रह १९८० साली मोंटे कार्लोच्या लिलावात विकला गेला, संगमरवरी पक्षी ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आणि पितळी पक्षी अमेरिकेतल्या पॅसाडेनाला आहेत, आणि माणिकबागेत केंद्र सरकारच्या करखात्याची कचेरी आहे. एका मराठी राजघराण्याच्या जामदारखान्यातून निघालेली ही वस्तुजात २०१९ साली पॅरिसच्या एका मोठ्या प्रदर्शनात काही काळ पुन्हा एकत्र आली. महाराजांवर टीका करण्याचे मला कारण नाही. आपल्या संग्रहाला मंदिराची गरज आहे हे ज्याला कळले तो सामान्य संग्राहक नव्हे. पण मूर्ती आणल्या गेल्या, गर्भगृह राहून गेले.

जमिनीखाली उतरून जावयाचे आणि वरून आकाशाचा प्रकाश घ्यावयाचा अशी वास्तू पाहण्यासाठी आम्हा अंबरनाथकरांना मात्र दूर जावे लागत नाही. वालधुनी नदीच्या काठी शिलाहारांनी बांधलेले शिवालय, छित्तराजाने आरंभिलेले आणि मुम्मुणीच्या काळी शके ९८२ मध्ये, म्हणजे १०६० साली, पूर्ण झाल्याचे शिलालेख सांगणारे, बाहेरून मूर्तींनी इतके भरलेले आहे की काळ्या दगडाचा एक हात रिकामा सापडू नये: देव, सुरसुंदरी, हत्ती, कीर्तिमुखे, वेलपत्ती. ही बाहेरची भिंत म्हणजे एक थोर संग्रहच आहे. पण सभामंडप ओलांडून गर्भगृहापाशी आले की वीसएक पायऱ्या खाली उतराव्या लागतात, आणि तळाशी काय आहे, तर ओबडधोबड शिवलिंग. आणि मान वर केली तर छत नाही, उघडे अंबर आहे. शिखर पूर्ण झाले नाही की कालांतराने ढळले, हा वाद संशोधकांचा. भक्ताला जे दिसते ते असे की रूपांची सारी श्रीमंती भिंतीच्या बाहेरच्या अंगाला आहे, तिच्याकडे पाहतच प्रदक्षिणा करावयाची आहे, आणि आत पोहोचल्यावर रूप संपते. त्या अकराव्या शतकातल्या स्थपतीने सुंदर आकृतींना नाकारले नाही आणि त्यांना गाभाऱ्यातही घेतले नाही. संग्रहाची जागा कोणती, याचे इतके स्वच्छ उत्तर मला कोणत्याही ग्रंथात मिळालेले नाही.

वहिवाटदारीचे उदाहरण मात्र पुण्यात आहे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०), चष्म्यांचे व्यावसायिक, 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे, १९२० च्या सुमारास अडकित्ते, दिवे, वाद्ये, दरवाजे जमवू लागले. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच वारला. त्या मुलाचे नाव त्यांनी सबंध संग्रहाला दिले आणि पुढे तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. ज्याच्यासाठी जपावे तोच वारस नाहीसा झाल्यावर या माणसाने सारा महाराष्ट्र वारस लावून घेतला. आणि बदलापुरातच ग्रंथसखा वाचनालयाच्या रूपाने श्याम जोशी यांनी जमविलेली दुर्मीळ मराठी पुस्तके वाचकाच्या हाती पडतात.

२६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हास आणि वालधुनी यांचे पाणी उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तिन्ही गावांतल्या असंख्य घरांत शिरले, आणि २०१९ च्या जुलैत बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्याने वेढली जाऊन थांबली. तळमजल्यावर राहणाऱ्यांना अशा रात्री आपल्या संग्रहाचे खरे मोल कळते. आधी माणसे, मग देव, मग कागदपत्रे, आणि वेळ उरलाच तर बाकीचे. हा क्रम ज्याच्या मनात बारा महिने पक्का आहे त्याला काचेचा हंस बाळगण्याची मुभा आहे असे मी मानतो, आणि ज्याचा हात अंधारात आधी त्या खणाकडे जाईल त्याने तो खण रिकामा केलेला बरा.

माझी विनंती संग्राहकांना एवढीच आहे. आपल्या मूर्तींची नोंदवही करा. प्रत्येक नग कोठून आला, त्याच्या तळावर कोणता शिक्का आहे, त्याला कोठे कपची गेली आहे, हे मराठीत, सिंधीत, ज्या भाषेत घरात बोलता त्या भाषेत लिहून ठेवा, कारण तुमच्यामागे हे कोणाला ठाऊक नसेल आणि बाकाराची चिमणी भंगाराच्या टोपलीत जाईल. कुलूप महिन्यातून एकदा उघडून शेजारच्या मुलांच्या हाती, गादीवर बसवून, एकेक मूर्ती द्या. एखादी फुटली तर मुलाला रागावू नका. आणि हा परिवार पुढे कोणाकडे जावा, मुलीकडे, शाळेकडे की संग्रहालयाकडे, हे मृत्युपत्रावर न सोपवता हयातीतच ठरवून बक्षीसपत्र करून टाका, म्हणजे देताना देणाराही हजर असेल.